एका मिलिमीटरचा हिशेब

घोटा मुरगळून सहा-आठ महिने झालेले असतात. सूज उतरलेली असते, पण जिना उतरताना आत काहीतरी टोचतं. मग डॉक्टर एमआरआय लिहून देतात. दोन दिवसांनी अहवाल हातात पडतो आणि त्यात एक वाक्य असतं: टेलसवरची कूर्चा थोडी झिजलेली दिसते. (टेलस म्हणजे नडगीच्या खाली घोट्यात बसणारं हाड, आणि कूर्चा म्हणजे सांध्यात हाडावर असणारी गुळगुळीत गादी.) रुग्णाचे पुढचे प्रश्न साधे असतात. थोडी म्हणजे किती? आणि पुढच्या वर्षी पुन्हा तपासलं तर आणखी किती झिजली ते कळेल ना? हाडांचे डॉक्टर, रेडिऑलॉजिस्ट आणि अभियंते गेली काही दशकं याच प्रश्नांमागे आहेत. त्यांच्या हाती काय लागलं, याचा हा आढावा. माझं मत आधीच सांगून टाकतो: घोट्याच्या कूर्चेची जाडी मिलिमीटरमध्ये सांगायचा हट्ट आपण गुडघ्याकडून उसना घेतलेला आहे, आणि घोट्यात जी मोजमापं खरोखर कामाला आली, त्यातली बहुतेक जाडीची नाहीतच.

आकडे बघू. इंग्लंडमधल्या लीड्सच्या शेफर्ड आणि सीडहॉम यांनी मृतदेहांमधून घेतलेल्या खुबा, गुडघा आणि घोटा अशा सांध्यांच्या ११ संचांवर कूर्चा मोजली आणि १९९९ साली ते आकडे छापले. गुडघ्यातली सरासरी जाडी १.६९ ते २.५५ मिलिमीटर, खुब्यातली १.३५ ते २ आणि घोट्यातली १ ते १.६२. गुडघ्याच्या वाटीमागे तर काही ठिकाणी ती ५ मिलिमीटरच्याही वर जाते. २००७ साली मिलिंग्टन आणि सहकाऱ्यांनी अतिशय बारकाईच्या त्रिमित छायाचित्रणानं घोट्याचा नकाशा काढला. त्यात टेलसवरची सरासरी जाडी १.१ मिलिमीटर भरली आणि एकूण घोट्यात सर्वात जाड ठिकाणीही ती सरासरी २.४ च्या पुढे गेली नाही. शिवाय टेलसच्या घुमटावर, म्हणजे त्याच्या वरच्या गोलसर पृष्ठभागावर, कूर्चा मधोमध सर्वात जाड असेल अशी समजूत होती, तीही मोडली. कूर्चा जाड निघाली ती घुमटाच्या दोन्ही खांद्यांवर, म्हणजे जिथे दुखापतीनंतर टवके उडतात नेमकी तिथेच.

पातळ आहे म्हणजे कमजोर आहे, असा अर्थ मात्र काढू नये. नडगी आणि तिच्या बाहेरच्या अंगाचं बारीक हाड मिळून एक खाच तयार होते आणि टेलस त्या खाचेत नीट बसतो. पृष्ठभाग एकमेकांशी इतके जुळलेले असल्यामुळे भार पसरतो आणि जाड थराची गरज पडत नाही. घोट्याची कूर्चा गुडघ्याच्या कूर्चेपेक्षा घट्टही असते. तिच्यात पाणी कमी आणि पाणी धरून ठेवणारी शर्करायुक्त द्रव्यं जास्त असतात. म्हणूनच साठीच्या माणसाचे गुडघे कुरकुरतात आणि घोटे मात्र बिनतक्रार चालत राहतात. घोट्याचा झिजेचा संधिवात प्रौढांमध्ये साधारण १ टक्का लोकांना होतो आणि त्यातले ७० ते ८० टक्के रुग्ण जुन्या दुखापतीचे असतात: मोडलेला घोटा, वारंवार मुरगळणं, दुचाकीवरून पडणं. दुखापतीनं काय बिघडतं, हे रॅमसे आणि हॅमिल्टन यांनी १९७६ सालीच दाखवलं होतं. टेलस बाहेरच्या बाजूला फक्त १ मिलिमीटर सरकला की सांध्यातलं टेकण्याचं क्षेत्रफळ सरासरी ४२ टक्क्यांनी घटतं. खाच नेमकी आहे म्हणून पातळ थर पुरतो, आणि खाच बिघडली की तोच पातळ थर उघडा पडतो. रुग्ण बहुधा तरुण असतो, कृत्रिम सांधा बसवायला त्याचं वय लहान असतं, आणि म्हणून झीज लवकर ओळखण्याला इथे गुडघ्यापेक्षाही जास्त मोल आहे.

सर्वात जुनं साधन एक्स-रे. त्यात कूर्चा दिसतच नाही. दिसते ती दोन हाडांमधली फट. फट कमी म्हणजे गादी झिजली, हे दवाखान्यात रोज ऐकू येणारं गणित. केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ साली सांधेझिजेच्या ज्या पायऱ्या ठरवल्या, त्या आजही जगभर वापरल्या जातात. गंमत अशी, की त्यांच्या मूळ यादीत बोटं, मनगट, मणके, खुबा आणि गुडघा आहेत, घोटा नाही. घोट्याला त्या पायऱ्या नंतर लावल्या गेल्या. जपानमध्ये ताकाकुरा यांनी घोट्यासाठी वेगळ्या पायऱ्या केल्या. त्यांत झीज आतल्या बाजूनं सुरू होऊन घुमटाकडे कशी सरकते याची नोंद आहे, आणि मला त्या जास्त प्रामाणिक वाटतात. पण पायऱ्या कोणाच्याही असोत, रुग्णाला झोपवून काढलेल्या एक्स-रेवर फट मोजण्यात अर्थ नाही. माणूस उभा राहिल्याशिवाय फट खरी बोलत नाही. खाच नीट दिसावी म्हणून पाय १५ ते २० अंश आत वळवावा लागतो. तंत्रज्ञानं तो एकदा १० अंश वळवला आणि पुढच्या वेळी २० अंश, तर फिल्मवरची फट बदलते आणि सांध्यात काहीच बदललेलं नसतं.

एमआरआयमध्ये कूर्चा स्वतः दिसते, हा मोठा फरक. पण इथेच घोट्याचा पातळपणा आडवा येतो. नेहमीच्या तपासणीत प्रत्येक काप साधारण ३ मिलिमीटर जाडीचा असतो आणि कापातला एक पिक्सेल ०.३ ते ०.४ मिलिमीटर रुंदीचा. १.२ मिलिमीटरची कूर्चा म्हणजे फार तर तीन-चार पिक्सेल. त्यांतला एक कडेचा पिक्सेल अर्धा हाडाचा आणि दुसऱ्या कडेचा अर्धा वंगणाचा. निखळ कूर्चेचे म्हणावेत असे दोनच उरतात. त्यात टेलस घुमटासारखा वळलेला. ३ मिलिमीटरच्या कापात घुमटाचा उतार सापडला की कड पुसट होते आणि थर आहे त्यापेक्षा जाड वाटतो. हे सगळं शिंप्याच्या टेपनं पोस्टकार्डाची जाडी मोजण्यासारखं आहे.

एक खोडी जवळून पाहण्याजोगी आहे. चरबीतला हायड्रोजन आणि पाण्यातला हायड्रोजन चुंबकीय क्षेत्रात किंचित वेगळ्या गतीनं थरथरतात. ३ टेस्लाच्या यंत्रात हा फरक साधारण ४४० हर्ट्झचा असतो. यंत्र जागा ओळखतं ते या गतीवरून, त्यामुळे हाडाच्या मगजातली चरबी त्याला आहे त्या जागी न दिसता थोडी सरकलेली दिसते. प्रत्येक पिक्सेलला २२० हर्ट्झ दिलेले असतील तर चरबी दोन पिक्सेल सरकते, म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या पुढे. गुडघ्यात एवढी चूक खपून जाते. घोट्यात ती अख्ख्या कूर्चेच्या निम्मी होते. चरबीचा संकेत दाबून टाकला किंवा फक्त पाण्यालाच उत्तेजित केलं की ही अडचण मिटते, आणि काळजीपूर्वक केलेल्या अभ्यासांत ते केलेलं असतंच. पण वेगवेगळ्या केंद्रांतले दोन जुने स्कॅन शेजारी लावून कोणी घोट्याची झीज सांगत असेल, तर दोन्ही वेळी बँडविड्थ, म्हणजे पिक्सेलमागे दिलेले हर्ट्झ, किती होती हे आधी विचारावं. आणखी एक खोडी कोनाची. कूर्चेतले तंतू मुख्य चुंबकीय क्षेत्राशी ५५ अंशांच्या आसपास असले की तिथला संकेत आपोआप उजळतो आणि निरोगी कूर्चाही बिघडलेली भासते. वळलेल्या घुमटावर असा कोन कुठे ना कुठे सापडतोच.

तिसरी अडचण जुळणीतून येते. नडगीकडची आणि टेलसकडची कूर्चा एकमेकींना इतक्या चिकटून असतात, की मधली वंगणाची रेघ दिसत नाही आणि दोन थरांचा मिळून एकच करडा पट्टा दिसतो. यावर म्युनिकच्या युंगमान आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली एक साधा उपाय तपासला: स्कॅन चालू असताना पाय हलकेच ओढून धरायचा. फट थोडी उघडते, तिच्यात वंगण शिरतं आणि दोन्ही थर वेगळे दिसू लागतात. उपाय चांगला आहे. रोजच्या कामात तो फारसा रुळलेला नाही, कारण त्याला वेळ लागतो.

वार्षिक झिजेचं गणित मांडलं की चित्र आणखी स्पष्ट होतं. झिजलेल्या गुडघ्यात कूर्चा वर्षाला एक-दोन टक्क्यांनी घटते असं साधारण धरलं जातं. तोच वेग घोट्यात धरला तर १.२ मिलिमीटरचे २ टक्के म्हणजे ०.०२४ मिलिमीटर, एका पिक्सेलचा पंधरावा हिस्सा. मग कोणी म्हणेल, हे मोजणं अशक्यच. तसं नाही. घुमटावरच्या हजारो बिंदूंची जाडी घेऊन सरासरी काढली की इकडच्या-तिकडच्या चुका एकमेकींना खातात आणि सरासरी पिक्सेलपेक्षा कितीतरी बारीक पातळीवर स्थिर होते. म्युनिकच्याच एकस्टाइन यांच्या गटानं २००२ साली टाचेकडच्या सांध्यांत असं त्रिमित मोजमाप करून त्याची पुनरावृत्ती किती जुळते ते तपासलं होतं. पण सरासरीनं पुसल्या जातात त्या यादृच्छिक चुका. पाय दर वेळी एकाच दिशेला वळलेला असेल, यंत्राचं सॉफ्टवेअर मधल्या काळात बदललेलं असेल, तर ती चूक हजार बिंदूंवर सारखीच बसते आणि सरासरीतही तशीच राहते. त्यामुळे शंभर रुग्णांच्या गटात झीज दाखवता येते. तुमच्या एका घोट्याची या वर्षीची झीज दाखवता येत नाही.

कूर्चा स्वतःही स्थिर नसते. बोस्टनमध्ये वान, ली आणि सहकाऱ्यांनी २००८ साली एमआरआय आणि दोन बाजूंनी घेतलेली चलत् एक्स-रे चित्रं जोडून पाहिलं, तर एका पायावर पूर्ण भार दिल्यावर घोट्याची कूर्चा सर्वात जास्त दाब असलेल्या ठिकाणी सुमारे एक तृतीयांश दबत होती. पूर्ववत व्हायला तिला वेळ लागतो. म्हणून संशोधनात आधी रुग्णाला अर्धा तास वगैरे बसवून ठेवतात. इस्पितळात तो जिना चढून, रांगेत उभा राहून थेट यंत्रात जातो. वर्षभराची झीज ०.०२४ मिलिमीटर आणि जिन्यानं होणारा बदल त्याहून मोठा. मग अहवाल नेमका कशाचा?

अचूकपणाचा विचार केला तर सीटी आर्थ्रोग्राफी सरस आहे. सांध्यात सुईनं आयोडीनयुक्त द्रव सोडायचा आणि मग सीटी काढायचा. एका बाजूला पांढरा द्रव, दुसऱ्या बाजूला पांढरं हाड आणि मधे काळी कूर्चा. दोन्ही कडा धारदार. आयोवाच्या एल-खुरी आणि सहकाऱ्यांनी २००४ साली मृतदेहांच्या घोट्यांवर दोन्ही पद्धती आजमावल्या, तेव्हा जाडीच्या बाबतीत सीटी आर्थ्रोग्राफी एमआरआयपेक्षा प्रत्यक्षाच्या जास्त जवळ आली. त्याच्या आदल्या वर्षी झुरिकहूनही असाच निष्कर्ष आला होता, तो कूर्चेवरच्या भेगा आणि खड्डे शोधण्याबाबत. पण दुखणारा सांधा टोचायचा, वर किरणोत्सर्ग, आणि दर वर्षी परत. असं कोणी करून घेणार नाही. शिवाय द्रव फक्त पृष्ठभाग दाखवतो. आतून मऊ पडलेली पण वरून अखंड कूर्चा यात निरोगीच दिसते.

गेल्या दशकभरात खरा बदल घडवला तो उभ्यानं काढायच्या सीटीनं. रुग्ण छोट्या चौथऱ्यावर दोन्ही पायांवर उभा राहतो, शंकूच्या आकाराचा किरणांचा झोत घोट्याभोवती फिरतो आणि मिनिटभरात तिन्ही मितींतलं चित्र तयार होतं. किरणांची मात्राही नेहमीच्या सीटीपेक्षा कमी. कूर्चा यातही दिसत नाही. दिसतं ते घुमटाच्या प्रत्येक बिंदूपासून समोरच्या हाडाचं अंतर, भार असतानाचं. त्याचा रंगीत नकाशा काढता येतो: इथे ३ मिलिमीटर, इथे २, या कोपऱ्यात हाड हाडाला टेकलेलं. शस्त्रक्रिया करून टाच सरळ करायची का, खाच दुरुस्त करायची का, हे ठरवणाऱ्या सर्जनला कूर्चेच्या सरासरी जाडीपेक्षा हा नकाशा कितीतरी जास्त सांगतो. एक्स-रेची जुनीच फट आहे ही, पण आता तिला पाय कसा वळवला याची पर्वा उरलेली नाही.

दुसरी वाट जाडी सोडून कूर्चेची प्रकृती विचारते. एमआरआयचं टी-टू मापन पाणी आणि तंतूंची मांडणी यांबद्दल सांगतं. सोडियमचं चित्रण त्या शर्करायुक्त द्रव्यांबद्दल सांगतं, पण संकेत इतका क्षीण असतो की ७ टेस्लाची यंत्रं लागतात, आणि ती मोजक्याच ठिकाणी आहेत. गॅडोलिनियमचं इंजेक्शन देऊन दोनेक तासांनी स्कॅन करण्याची पद्धतही बरीच वर्षं गाजली. तत्त्व सुंदर आहे: निरोगी कूर्चेवर ऋण भार असतो, औषधाच्या कणांवरही ऋण भार असतो, म्हणून ते निरोगी भागातून दूर ढकलले जातात आणि बिघडलेल्या भागात शिरतात. पण हे औषध शरीरात मागे राहतं असं आढळल्यावर युरोपीय औषध नियामकांनी २०१७ साली त्याचा शिरेतून होणारा वापर थांबवायची शिफारस केली, आणि युरोपात तरी हा मार्ग जवळपास बंद झाला. टी-टूला सुई लागत नाही, म्हणून ते टिकलं.

टी-टूचा सर्वात विलक्षण वापर फिरत्या ट्रकमध्ये झाला. २००९ साली इटलीतल्या बारीपासून नॉर्वेच्या उत्तर टोकापर्यंत ६७ जण धावायला निघाले: ६४ दिवस, ४,४८७ किलोमीटर, मधे विश्रांतीचा दिवस नाही. जर्मनीतल्या उल्मचे उवे शुट्झ यांनी त्यांच्यामागून एमआरआय यंत्र बसवलेला ट्रेलर नेला. १.५ टेस्लाचं, इस्पितळात असतं तसं पूर्ण यंत्र. रोजची मजल संपली की अभ्यासात सहभागी झालेल्या ४४ धावपटूंपैकी काही जण त्या ट्रेलरमध्ये जाऊन आडवे होत. पहिल्या १,५०० ते २,५०० किलोमीटरमध्ये गुडघा, घोटा आणि पावलाच्या बहुतेक कूर्चांमधलं पाण्याचं माप बिघडत गेलं. आणि मग, धावणं सुरूच असताना, ते सावरू लागलं. अपवाद गुडघ्याच्या वाटीमागच्या कूर्चेचा. भार चालू असताना कूर्चा स्वतःला सावरू शकते, असं कोणी गृहीत धरलेलं नव्हतं. यावरून रोज ७० किलोमीटर धावा असा सल्ला कोणी काढू नये. तिथे पोचलेले लोक मुळातच निवडक होते, आणि त्यांतलेही काही वाटेत गळाले. शिवाय सावरलं ते टी-टूच्या जातीचं एक माप. जाडीचा दावा तिथे केलेला नाही. पण जाडी सोडून दिल्यावर घोटा केवढं सांगू शकतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

सोनोग्राफीकडे रेडिऑलॉजीत थोडं कमीपणानं पाहिलं जातं. कारण उघड आहे: ध्वनिलहरी हाडापलीकडे जात नाहीत, म्हणून घुमटाचा पुढचाच भाग दिसतो, तोही पाऊल खाली दाबून धरल्यावर. पण हिमोफिलियात, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजारात, हेच साधन खरं उपयोगी पडतं. हा आजार असलेल्या मुलांच्या गुडघ्यात, कोपरात आणि घोट्यात पुन्हा पुन्हा रक्त साचतं. त्या रक्तातलं लोह एमआरआयच्या काही पद्धतींत एवढा काळा डाग पाडतं की शेजारची कूर्चाच झाकली जाते. सोनोग्राफीला लोहाचं वावडं नाही, मुलाला भूल द्यावी लागत नाही, आणि खर्चही परवडतो. २०१३ साली आलेल्या एका गुणपद्धतीत या तीन सांध्यांची सूज, कूर्चा आणि हाड अशी झटपट तपासणी ठरवून दिली आहे. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातली राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था अनेक दशकं हिमोफिलियावर काम करते आहे. रक्त गोठवणारं घटक-औषध महाग आणि रुग्ण दूरदूरच्या गावांतले, अशा परिस्थितीत खाटेशेजारी चालणारं हे यंत्र दुसऱ्या क्रमांकाचा पर्याय राहत नाही.

मग टेलसवरचे टवके. इथे क्षेत्रफळ हा निर्णयाचा आकडा आहे. रायकिन आणि इलायस यांनी २००७ साली घुमटाचे नऊ चौकोन पाडून चारशेहून अधिक रुग्णांच्या जखमा मांडल्या. बहुसंख्य आतल्या बाजूला आणि त्यातही मधल्या चौकोनात होत्या. दोन वर्षांनी कोरियातून चोई आणि सहकाऱ्यांनी सांगितलं, की जखम १५० चौरस मिलिमीटरपेक्षा मोठी असेल तर हाडाला बारीक छिद्रं पाडून कूर्चा भरून येण्याची वाट पाहणं वाया जाण्याची शक्यता वाढते. २०१७ च्या एका आढाव्यानं ही मर्यादा १०७ वर आणली. म्हणून इथे मोजणाऱ्याचा हात फार महत्त्वाचा. एमआरआयमध्ये जखमेभोवतीच्या हाडातली सूजही पांढरी दिसते. ती आत धरली तर ९० चा आकडा १५० पार करतो आणि रुग्णावर मोठी शस्त्रक्रिया ओढवते.

पावलाच्या उरलेल्या सांध्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. टेलसच्या खालचा सांधा तिरका आणि तीन पृष्ठभागांचा असतो. मधल्या पावलातले सांधे इतके लहान असतात की त्यांची कूर्चा एक-दोन पिक्सेलांतच संपते. अंगठ्याच्या मुळाशी कूर्चा मोजण्यापेक्षा तिच्यावर साचलेलं यूरिक आम्ल शोधणं जास्त फळ देतं. ऑस्ट्रेलियात मेंझ आणि सहकाऱ्यांनी २००७ साली पावलाच्या एक्स-रेंचा जो चित्रसंग्रह केला, तोच अजून बहुतेक अभ्यासांचा आधार आहे.

आता सगळीकडे संगणकाला कूर्चा आखायला शिकवण्याची धावपळ चालू आहे. गुडघ्यात ते छान जमलं, कारण अमेरिकेतल्या ऑस्टिओआर्थ्रायटिस इनिशिएटिव्ह या प्रकल्पात ४,७९६ लोकांचे गुडघे वर्षानुवर्षं एकाच पद्धतीनं स्कॅन झाले आणि ते सर्वांसाठी खुले आहेत. घोट्यासाठी त्या तोडीचा साठा नाही. शिवाय संगणक शिकतो तो माणसानं आखलेल्या रेषेवरून. दोन तज्ज्ञांच्या रेषांत एका पिक्सेलचा फरक असेल तर घोट्यात तो पाव कूर्चा होतो, आणि संगणक तोच फरक फक्त जास्त वेगानं आणि जास्त आत्मविश्वासानं परत देतो.

शेवटी एका उपचाराबद्दल. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टमध्ये १९९० च्या दशकात झिजलेले घोटे बाहेरून चौकट बसवून काही मिलिमीटर ताणून ठेवायला सुरुवात झाली. चौकट तीनेक महिने ठेवायची आणि मग काढायची. बऱ्याच रुग्णांचं दुखणं कमी झालं, काहींची एक्स-रेवरची फटही वाढली, आणि कूर्चा परत उगवते का हा प्रश्न चर्चेत आला. इंटेमा आणि सहकाऱ्यांनी २०११ साली अशा रुग्णांचे उपचाराआधीचे आणि नंतरचे सीटी तपासले. त्यांनी कूर्चा मोजली नाही. कूर्चेखालच्या हाडाची घनता मोजली आणि त्यातल्या पोकळ्या पाहिल्या. दाट झालेलं हाड सैल पडलं होतं, कित्येक पोकळ्या हाडानं भरून आल्या होत्या, आणि दुखणं कमी होण्याशी त्या पोकळ्या भरण्याचा संबंध दिसला.